रंकाळ्याचा काठ बाजाराला देऊ नये

केपटाऊनची सहल आटोपून कोल्हापुरात परतल्यावर आठवडाभरातच रंकाळा तलावावर आमच्या पेठेतील एक तरुण व्यापारी भेटले. महाद्वार रोडवर त्यांचे तयार कपड्यांचे दुकान आहे आणि तिथल्या वॉटरफ्रंटची, म्हणजे बंदरकाठच्या बाजारपेठेची, मी पाठवलेली छायाचित्रे त्यांनी मोबाईलवर बारकाईने पाहिली होती. 'काका, आपल्या रंकाळ्यावर असलं काहीतरी झालं पाहिजे बघा,' ते म्हणाले. 'अंबाबाईला एवढी माणसं येत्यात, दर्शन झालं की गाडीत बसून जोतिबाला नाहीतर पन्हाळ्याला निघून जात्यात. काठावर एक चांगलं शॉपिंग सेंटर असतं, तर दोन तास इथंच थांबली असती.' त्यांच्या बोलण्यात गावाविषयीची कळकळ होती आणि दुकान चालवणाऱ्या माणसाची रोजची काळजीही होती. अशीच इच्छा मी इतरांच्याही तोंडून ऐकली आहे. कोणी साबरमतीचा दाखला देतो, कोणी सिंगापूरचा. त्यामुळे या इच्छेला दोन शब्दांत नकार देऊन भागणार नाही. माझे मत या कल्पनेच्या पूर्ण विरोधात आहे, परंतु ते केपटाऊनमध्ये जे पाहिले त्यातूनच तयार झाले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

टेबल माउंटनच्या पायथ्याशी, अटलांटिक महासागराच्या काठावर, केपटाऊनचे जुने बंदर आहे. राणी व्हिक्टोरियाचा मुलगा राजपुत्र आल्फ्रेड याने १८६० मध्ये तिथल्या लाटा अडवणाऱ्या बांधाच्या भरावाचा पहिला दगड समुद्रात लोटला, आणि पुढे बांधलेल्या दोन गोद्यांना या मायलेकांची नावे मिळाली. जहाजे मोठी होत गेली, त्यांच्यासाठी नवी गोदी झाली आणि जुने बंदर हळूहळू ओस पडत गेले. १९८८ मध्ये त्याच्या पुनर्विकासासाठी एक कंपनी स्थापन झाली आणि १९९२ मध्ये तिथले मुख्य शॉपिंग सेंटर, व्हिक्टोरिया व्हार्फ, सुरू झाले. आज त्या परिसरात शेकडो दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आणि मत्स्यालय आहे, आणि धान्याच्या जुन्या प्रचंड कोठारात २०१७ पासून आफ्रिकेच्या समकालीन कलेचे संग्रहालय आहे. नेल्सन मंडेला ज्या रॉबेन बेटावरच्या तुरुंगात अठरा वर्षे होते, त्या बेटाकडे जाणाऱ्या बोटी याच धक्क्यावरून सुटतात.

व्यवस्था उत्तम आहे, स्वच्छता आहे, वृद्धांना जागोजागी बसता येते, हे मी मनापासून मान्य करतो. दुकाने मात्र मी अर्ध्या तासात पाहून संपवली, कारण तीच नावे, तीच काचेची दालने आणि तेच कपडे मुंबईत आणि पुण्यातही पाहता येतात. ज्या जागेपाशी मी आणि माझी पत्नी दोन तास खिळून राहिलो, ती जागा म्हणजे १८८२ पासून वापरात असलेली जहाजदुरुस्तीची कोरडी गोदी. पाणी उपसून रिकाम्या केलेल्या दगडी हौदात एक जहाज उभे होते, त्याच्या तळाशी कामगार पत्रे तासत होते आणि वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. पलीकडे मासेमारीच्या बोटी लागत होत्या आणि लाकडी फळ्यांवर सील प्राणी निवांत पहुडले होते. पर्यटक गर्दी करून हे पाहत होते आणि दुकानात ज्या शांततेने कोणी उभे राहत नाही, त्या शांततेने उभे होते. त्या बंदराला बंदरपण उरले आहे, म्हणून तिथली दुकाने चालतात. नुसती दुकाने पाहायला साता समुद्रांपलीकडून कोणी येत नाही. आमच्याकडे जेव्हा 'वॉटरफ्रंट' हा शब्द उच्चारला जातो, तेव्हा डोळ्यांसमोर दुकाने येतात, कोरडी गोदी येत नाही. माझ्या मते गैरसमजाची सुरुवात इथे आहे.

दुसरी गोष्ट मला तिथला इतिहास वाचताना उमगली. १९३० आणि १९४० च्या दशकांत केपटाऊनमध्ये नवी गोदी बांधताना समुद्रात भराव टाकून फार मोठे क्षेत्र नव्याने तयार करण्यात आले. सतराव्या शतकातला डचांचा किल्ला, ज्याच्या तटापर्यंत एके काळी लाटा येत असत, तो आज समुद्रापासून दूर, रस्त्यांच्या आणि रुळांच्या मागे पडला आहे. भरावाच्या जमिनीवर रुंद रस्ते, उड्डाणपूल आणि रेल्वेचे यार्ड आले, आणि समुद्राच्या काठी वसलेल्या शहरातल्या माणसाला समुद्रापर्यंत चालत जाणे अवघड होऊन बसले. पन्नास वर्षांनी जुने बंदर लोकांसाठी उघडले गेले, तेव्हा शहराला हरवलेले पाणी परत मिळाले. तिथल्या लोकांनी त्या जागेला आपले म्हटले, त्यामागे ही तुटातूट आणि ही भेट दोन्ही आहेत.

कोल्हापूरचा माणूस रंकाळ्यापासून कधी तुटला होता? पहाटे पाच वाजता पदपथावर चालणाऱ्यांची रांग लागलेली असते. तालमीतली मुले धावून जातात, निवृत्त शिक्षक ठरलेल्या बाकावर ठरलेल्या मित्रांची वाट पाहतात, गुडघ्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलेल्या बायका एकमेकींच्या आधाराने फेरी पुरी करतात. संध्याकाळी चौपाटीवर भेळेच्या गाड्या लागतात, मक्याची कणसे भाजली जातात, परगावची माणसे शालिनी पॅलेसच्या बाजूला उभी राहून छायाचित्रे काढतात, आणि पावसाळ्यात पाणी चढले की संध्यामठाचे दगडी खांब अर्धे पाण्यात दिसतात. या काठावर ज्याच्या खिशात एक रुपयाही नाही असा माणूस सूर्यास्त होईपर्यंत बसू शकतो आणि त्याला कोणी उठवत नाही. बाहेरगावच्या पाहुण्याला मी नेहमी आधी इथे आणतो, कारण कोल्हापूरची माणसे एकमेकांशी कशी वागतात ते त्याला मंदिराच्या रांगेपेक्षा इथे अधिक चांगले दिसते. केपटाऊनने जो उपाय केला तो तिथल्या दुखण्यावर होता. ते दुखणे आपल्याला नाही. आपले दुखणे वेगळे आहे आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण पाण्याच्या जागी बाजार आणण्याचा प्रयोग कोल्हापूरने पूर्वी करून पाहिला आहे. हे तळ्यांचे शहर होते, असे आमचे वडीलधारे सांगत. आज जिथे कपिलतीर्थ मार्केट आहे आणि सकाळी भाजीसाठी झुंबड उडते, तिथे कपिलतीर्थ नावाचे तळे होते. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचे वरुणतीर्थ. ज्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यांना सारे गाव लोटते, ते रावणेश्वर तळ्याच्या जागेवर उभे आहे. तळी बुजवताना त्या त्या काळातल्या लोकांकडे कारणे होती. साचलेल्या पाण्यातून रोगराई पसरे, आणि वाढत्या गावाला मंडईसाठी, मैदानासाठी, खेळासाठी जागा हवी होती. मी त्यांना दोष देत नाही. परंतु त्याचा परिणाम आपण दर पावसाळ्यात पाहतो. गांधी मैदानात पाणी साचले की वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात आणि निचऱ्याच्या योजनेची चर्चा होते. चढावरून येणारे पाणी शेकडो वर्षे ज्या खोलगट जागेत विसावत होते, तिथेच ते आजही येते. फरक इतकाच, की पूर्वी त्याला तळे म्हणत आणि आता त्याला तुंबलेले पाणी म्हणतात. कपिलतीर्थाच्या मंडईत भाजी घेणाऱ्या किती जणांना त्या नावातल्या तीर्थाचा अर्थ ठाऊक असेल? एक पिढी तळे बुजवते, दुसरी पिढी ते विसरते आणि तिसऱ्या पिढीला वाटते की इथे कायम मंडईच होती. (केपटाऊनमध्येही टेबल माउंटनवरून उतरणारे गोड्या पाण्याचे ओढे रस्त्यांखालच्या बोगद्यांतून समुद्राला मिळतात, आणि त्यांच्या डोक्यावरून चालणाऱ्यांना ते ठाऊक नसते. ही विस्मृती केवळ आपल्याकडची नाही.)

रंकाळा या सगळ्यातून वाचला, कारण तो मोठा होता. मूळची ही दगडाची खाण, भूकंपात तिचा तळ खचला आणि पाणी भरले, अशी आख्यायिका आहे. रंकभैरवाच्या नावावरून त्याला रंकाळा म्हणू लागले असेही सांगतात. आकाराने तो बुजवण्यापलीकडचा होता. पण तळे संपवायला ते बुजवावेच लागते असे नाही. काठाने पक्की बांधकामे येत गेली, त्यांच्या मागे वाहनतळ आला, वाहनतळाला रुंद रस्ता लागला, उपाहारगृहांचे सांडपाणी आले, की तळे नकाशावर तेवढेच दिसते आणि प्रत्यक्षात इमारतींच्या मागचा पाण्याचा चौकोन होऊन बसते.

आपल्या पंचगंगा नदीच्या काठाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. साबरमतीचा दाखला देणाऱ्यांना मी आदराने सांगू इच्छितो की अहमदाबादेत नदीच्या दोन्ही तीरांवर सुमारे साडेअकरा किलोमीटर लांबीच्या भिंती बांधून पात्र एकसारख्या रुंदीत बसवले गेले, आणि त्यात बाराही महिने जे पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्यातून सोडलेले असते. ती योजना करताना काठावरच्या हजारो कुटुंबांना तिथून उठावे लागले. तिचे गुणदोष तिथल्या लोकांनी ठरवावेत. पण पंचगंगा ही सह्याद्रीच्या ऐन पावसातून येणारी नदी आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी, आणि श्रद्धेने मानलेल्या गुप्त सरस्वतीचे, असे सारे प्रयाग चिखलीला एकत्र येते आणि पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे पसरते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे कोल्हापुरातल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये हेच पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला, व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीपर्यंत पाणी आले, आणि दुकानांतला माल चिखलात गेला. त्या आठवड्यात ज्यांनी भिजलेले तागे रस्त्यावर आणून टाकताना व्यापाऱ्यांचे चेहरे पाहिले असतील, त्यांना नदीकाठी नवी बाजारपेठ ही कल्पना मोहात पाडणार नाही.

या शिकवणुकीसाठी कायद्याची भाषाही उपलब्ध आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखल्या जातात. नदी आणि निळी रेषा यांमधले क्षेत्र निषिद्ध, निळी आणि लाल यांमधले नियंत्रित. निषिद्ध क्षेत्रात उद्याने, मैदाने, शेती अशा मोकळ्या वापरांनाच जागा असावी, हा त्यामागचा साधा विचार आहे. लाल रेषा कुठून जावी याबद्दल गावात वाद होतात आणि बांधकामाला जागा मिळावी म्हणून ती मागे सरकवण्याची मागणीही होते. रेषा कागदावर सरकते, पाणी मात्र त्याच्या जागी येते. नदीला पसरायला जी जागा लागते, ती जागा काठावरच्या रिकामेपणातून मिळते. तो रिकामेपणा वाया गेलेला नसून वापरात आहे, ही गोष्ट आपल्या नियोजनात अजून रुजलेली नाही.

आता व्यापाराच्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या तरुण मित्रांची खरी काळजी ती आहे. पर्यटक थांबत नाहीत आणि खर्च करत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावर उपाय म्हणून पाण्याच्या काठी शॉपिंग सेंटर उभारण्याची कल्पना जगात ज्या ठिकाणावरून पसरली, ते अमेरिकेतील बाल्टिमोर शहर. १९८० मध्ये तिथल्या बंदरकाठी हार्बरप्लेस नावाची दोन दालने सुरू झाली, लाखो लोक आले, आणि जगभरच्या नगरपालिका ते पाहायला जाऊ लागल्या. २०१९ मध्ये तेच हार्बरप्लेस आर्थिक अडचणीमुळे न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेले. सिडनीच्या डार्लिंग हार्बरवर १९८८ मध्ये उभे राहिलेले हार्बरसाइड हे त्याच धर्तीचे सेंटर तर पाडून टाकण्यात आले. नावीन्य ओसरते, घरबसल्या खरेदी करणारे वाढतात, आणि तेच ते कपडे व त्याच त्या पादत्राणांच्या दुकानांत माणसे येईनाशी होतात. श्रीमंत शहरांना असे सेंटर पाडून नवे काही उभारता येते. आपल्याकडे बंद पडलेले व्यापारी संकुल दहा-दहा वर्षे तसेच उभे असते, त्याचे गाळे रिकामे असतात आणि जिने घाण होतात. ते रंकाळ्याच्या काठावर उभे आहे अशी कल्पना करून पाहावी.

शिवाय कोल्हापूरकडे बाजारपेठ नाही, असे कोण म्हणेल? महाद्वार रोड आहे, सोन्याचांदीची गुजरी आहे, भवानी मंडपाजवळची चप्पल लाईन आहे, लक्ष्मीपुरी आहे. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळलेला पेला हातात देतात. हा अनुभव कोणत्या मॉलमध्ये मिळणार आहे? १८९१ मध्ये कोल्हापूरला रेल्वे आली आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी तिच्याजवळ शाहूपुरी वसवली, गुळाचा व्यापार तिथे आणला. पेठ वसवताना माल कुठे उतरतो, गाड्या कुठे वळतात, व्यापारी कुठे राहतील, याचा विचार झाला होता. काठ सुंदर दिसतो म्हणून तिथे दुकाने, हा विचार व्यापाराच्या दृष्टीनेही उथळ आहे. नव्या सेंटरमध्ये येणारा पर्यटक कोठून येईल? तो महाद्वार रोडवरूनच उचललेला असेल. माझ्या मित्रांच्या दुकानात जे गिऱ्हाईक आज येते, ते उद्या मोठ्या भांडवलाच्या, वातानुकूलित दुकानात जाईल, आणि तिथला गाळा घ्यायची त्यांची ऐपत नसेल. ही गोष्ट मी त्यांना त्या संध्याकाळी बोलून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण या संदर्भात नजरेआड करता येत नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन सोहळ्यात प्राडाने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या आणि मूळ कारागिरांचा उल्लेख केला नाही, तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला आणि त्या कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. तो संताप योग्य होता. पण ज्यांचा माल परदेशी कंपनीने उचलला म्हणून आपण चिडलो, त्या कारागिरांना आपल्याच शहरात पर्यटकासमोर बसून चप्पल शिवून दाखवता येईल आणि विकता येईल अशी जागा आपण दिली आहे का? केपटाऊनच्या वॉटरफ्रंटवर एक गोष्ट मला फार आवडली, ती ही, की एका जुन्या कार्यशाळेच्या इमारतीत शंभराहून अधिक लहान कारागीर आणि उद्योजक यांना विक्रीची जागा दिली आहे. मणिकाम, कापड, चामड्याच्या वस्तू, सगळे करणारे हात समोर दिसतात. घ्यायचेच असेल तर केपटाऊनकडून हे घ्यावे.

आणि त्यासाठी काठाला हात लावायची गरज नाही, कारण आपल्याकडे शाहू मिल आहे. १९०६ मध्ये शाहू महाराजांनी जिचा पाया घातला ती ही कापड गिरणी २००३ मध्ये बंद पडली, आणि तिचा विस्तीर्ण परिसर, दगडी भिंती आणि उंच धुराडे शहराच्या मध्यवस्तीत तसेच उभे आहे. तिथे शाहू महाराजांचे स्मारक व्हावे, ही जुनी मागणी आहे. २०२२ मध्ये त्यांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त तिथे प्रदर्शने भरली, तेव्हा लोकांनी गर्दी केली होती. या गिरणीच्या शेडमध्ये चपला शिवणारे, साज घडवणारे, गुळाचे पदार्थ करणारे यांना नाममात्र भाड्याने कायमची जागा मिळाली, तर तो बाजार महाराजांच्या स्मारकाला बाधक ठरणार नाही. ज्या राजाने उद्योगासाठी गिरणी उभारली, त्याच्या स्मारकात कामाचा आवाज असावा, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. मराठीत पाण्याच्या काठाला अनेक शब्द आहेत: तीर, घाट, पाणवठा. त्यातल्या पाणवठा या शब्दात आपल्या समाजाचा फार कटू इतिहास साठलेला आहे, कारण कोणी कुठे पाणी भरायचे आणि कोणी दूर उभे राहायचे हे जातीवर ठरत होते. कोल्हापूर संस्थानात १९१९ मध्ये शाहू महाराजांनी सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा यांवर अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना समान हक्क देणारे हुकूम काढले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह त्यानंतर आठ वर्षांनी, १९२७ मध्ये झाला. दक्षिण आफ्रिकेतही १९५३ च्या कायद्याने समुद्रकिनारे, बागा, बाकडी वर्णानुसार वाटली गेली होती आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. पाण्याच्या काठी कोणीही यावे आणि बसावे, हा हक्क दोन्हीकडे झगडून मिळालेला आहे. खासगी व्यवस्थापनाच्या शॉपिंग सेंटरमध्ये तो हक्क कायद्याने कोणी काढून घेत नाही; पण दारावर रखवालदार असतो, फेरीवाल्याला मज्जाव असतो, मळके कपडे घातलेल्या माणसाकडे संशयाने पाहिले जाते आणि काही विकत न घेता फार वेळ बसणाऱ्याला हळूच उठवले जाते. करवीरच्या एखाद्या वाडीवरून दर्शनाला आलेले म्हातारे जोडपे आज रंकाळ्याच्या कट्ट्यावर भाकरीचे गाठोडे सोडून जेवते. काचेच्या दालनासमोर ते तसे बसेल का? बसलेच तर बसू दिले जाईल का? शाहू महाराजांच्या गावात या प्रश्नांची उत्तरे ठेकेदाराच्या करारावर सोडून देणे मला मान्य नाही.

काठावर व्यापारच नको, असा माझा आग्रह नाही. भेळवाला, कणीसवाला, फुगेवाला यांचा व्यापार काठावर शोभतो, कारण तो काठ अडवत नाही आणि पाणी अडवत नाही; रात्री गाडी निघून जाते आणि सकाळी काठ पुन्हा चालणाऱ्यांचा होतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने या लोकांना संरक्षण दिले आहे. त्यांची नोंद करावी, त्यांना प्रमाणपत्रे द्यावीत, नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के प्रतिनिधी त्यांचेच असावेत, असे तो कायदा सांगतो. रंकाळ्यावर त्यांना ठरलेल्या जागा, पिण्याचे पाणी, वीज आणि कचरा टाकायची सोय दिली, तर पर्यटकाला हवे असलेले खाणेपिणे तिथे मिळेल आणि त्याचा पैसा थेट गावातल्या घरात जाईल.

मग रंकाळ्याचे खरे दुखणे कोणते, ते सांगतो. ते पाण्यात आहे. भोवतालच्या वस्त्यांतून येणारे सांडपाणी तळ्यात उतरते, त्या पाण्यातल्या पोषक द्रव्यांवर केंदाळ आणि हिरवे शेवाळ पोसते, ते कुजते तेव्हा पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरून काठाला लागतात. वाऱ्याची दिशा फिरली की पदपथावर दुर्गंधी येते. उन्हाळ्यात एकदा माझ्या नातीने नाकाला रुमाल लावून मला विचारले होते, की आजोबा, तळ्याला बरं नाही का? त्या प्रश्नाने मी खजील झालो, कारण तळ्याचे बरे-वाईट ज्यांच्या हाती होते त्या पिढीचा मी आहे. महापालिकेची कसबा बावड्यात प्रतिदिन ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळीत १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत. रंकाळ्याकडे येणारा प्रत्येक नाला अडवून तिकडे वळवणे आणि पावसाळ्यातही तो तळ्यात उलटणार नाही याची व्यवस्था करणे, हे काम तळ्याच्या सौंदर्यीकरणाच्या कोणत्याही दिव्यांपेक्षा आणि कमानींपेक्षा आधीचे आहे. केंदाळ यंत्राने काढले की वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते, परंतु नाला चालू असेपर्यंत ते पुन्हा उगवत राहणार.

कोल्हापूरकर ठरवतात तेव्हा पाण्यासाठी मोठी सवय मोडू शकतात, याचा पुरावाही याच परिसरात आहे. अलीकडच्या वर्षांत पंचगंगा आणि रंकाळा यांऐवजी गणेशमूर्तींचे विसर्जन इराणी खण या जुन्या दगडखाणीकडे वळवण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या भावनेचा प्रश्न होता, सुरुवातीला वाद झाले, पण मंडळांनी समजून घेतले आणि मिरवणुकांचा मार्ग बदलला. जे शहर आपल्या बाप्पाची वाट पाण्यासाठी बदलते, त्याला सांडपाण्याची वाट बदलता येणार नाही, असे मला वाटत नाही.

पर्यटकाला दोन तास थांबवायचे असेल तर त्याला चालायला लावले पाहिजे, एवढे माझे व्यापारी मित्रांना सांगणे आहे. अंबाबाईच्या महाद्वारातून बाहेर पडून महाद्वार रोड, गंगावेश आणि रंकाळा वेस असे तळ्यापर्यंत सावकाश चालत गेले तरी वीस-पंचवीस मिनिटे लागतात. या वाटेवर आज फूटपाथ म्हणण्यासारखे काही नाही, दुचाक्या दुकानांच्या पायऱ्यांना टेकलेल्या असतात, सावली नाही, बसायला जागा नाही, बायकांसाठी स्वच्छ शौचालय शोधावे लागते आणि वाट दाखवणारी पाटी नाही. ही वाट नीट केली, वृद्धांसाठी बॅटरीवरची गाडी ठेवली, सणावारांच्या संध्याकाळी तिच्यावर वाहनांना बंदी घातली, तर दर्शन घेऊन निघालेला माणूस साज पाहील, चप्पल पायात घालून पाहील, दूध कट्ट्यावर थांबेल, कपड्यांच्या दुकानात डोकावेल आणि दिवे लागायच्या सुमाराला काठावर पोहोचेल. जी रक्कम एखाद्या संकुलाच्या पायात पुरली जाईल, तिच्यात ही सगळी वाट होऊ शकते आणि तिचा लाभ एका इमारतीच्या गाळेधारकांऐवजी चार पेठांना मिळतो.

माझ्या मागण्या महापालिकेकडे आणि त्याहून अधिक आपल्या नगरसेवकाला जाब विचारणाऱ्या नागरिकांकडे आहेत. तळ्याला मिळणारे नाले पूर्णपणे थांबल्याची आणि पाण्याची तपासणी वर्षभर समाधानकारक आल्याची आकडेवारी काठावर फलक लावून जाहीर करावी. शाहू मिलच्या शेडमध्ये कारागिरांना जागा देण्याचा निर्णय स्मारकाच्या आराखड्यातच घ्यावा. मंदिर ते रंकाळा ही पायवाट पुढच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करून हाती घ्यावी. आणि हे सारे होईपर्यंत व झाल्यानंतरही, रंकाळ्याच्या पदपथापासून पाण्यापर्यंतच्या पट्ट्यात आणि पंचगंगेच्या निळ्या रेषेच्या आत, कोणत्याही नावाखाली एकाही नव्या पक्क्या व्यापारी बांधकामाला परवानगी देऊ नये.